जुने अंक संगणकात ठेवताना



आपल्या शाळेचे जुने वार्षिक अंक आणि हस्तलिखिते संगणकावर जतन करावीत, याबद्दल आता कोणाचेच दुमत राहिलेले नाही. कपाटातल्या अंकांचा कागद पिवळा पडून कडांना तुटू लागला आहे. काही अंकांची तर एकच प्रत उरली आहे. प्रश्न आहे तो जतन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा. पालक-शिक्षक सभेत यावर दोन मते पुढे आली. एक मत असे की, प्रत्येक पान स्कॅन करावे, त्याच्या पीडीएफ फाइली कराव्या आणि एका हार्ड डिस्कवर भरून ठेवाव्या. उन्हाळ्याच्या सुटीत काम संपेल. दुसरे मत असे की, फी आणि निकालासाठी शाळेत डेटाबेस आहेच, तर पाने, छायाचित्रे, लेख असे सगळे त्यातच घालावे, म्हणजे एके ठिकाणी राहील. आमचे मत या दोन्हींहून थोडे वेगळे आहे. एकदा पद्धत ठरली की पुढची कित्येक वर्षे ती बदलणे होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

थोडक्यात आमचे म्हणणे असे: अंकातला मजकूर टाइप केलेला मजकूर म्हणूनच डेटाबेसच्या तक्त्यात असावा आणि एका लेखाची एक नोंद असावी. पानाचे चित्र मात्र डेटाबेसच्या बाहेर, फाइल म्हणून असावे आणि त्या फाइलीचा पत्ता नोंदीत लिहिलेला असावा.

ज्यांचा संगणकाशी फारसा संबंध नाही अशा पालकांसाठी दोन शब्द. रिलेशनल डेटाबेस ही कल्पना आयबीएम कंपनीतले ई. एफ. कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. ती आपल्या कार्यालयातल्या रजिस्टरांसारखीच आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, पालकांचे नाव हे स्कॉलर रजिस्टरमध्ये एकदाच लिहिले जाते. फीच्या आणि निकालाच्या रजिस्टरात पुन्हा सगळे न लिहिता फक्त स्कॉलर नंबर टाकला की माणूस सापडतो. तसेच येथे अंकांचा एक तक्ता, लेखकांचा एक तक्ता आणि लेखांचा एक तक्ता, आणि तिन्ही एकमेकांशी क्रमांकांनी जोडलेले. एखाद्या लेखकाचे नाव चुकीचे पडले असेल तर ते एकाच ठिकाणी दुरुस्त करावे लागते. सगळीकडे आपोआप नीट दिसते.

आता पहिल्या मताचा विचार करू. स्कॅन केलेले पान हे पानाचे छायाचित्र असते. त्यातली अक्षरे माणसाला दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. आजी सातवीत असताना तिने लिहिलेली गोष्ट कोणत्या अंकात आहे, असे नातवाने विचारले, तर पीडीएफच्या ढिगाऱ्यातून पान-पान उलटूनच ती शोधावी लागेल. म्हणजे जे कपाटासमोर उभे राहून करत होतो, तेच पडद्यासमोर बसून करायचे. चित्र आवश्यक आहे. मूळ छपाई, रेखाटने, मुखपृष्ठ ही चित्रातच टिकतात आणि टाइप करताना झालेली चूक पकडण्यासाठी मूळ पान समोर लागतेच. पण नुसते चित्र म्हणजे अर्धेच जतन.

जागेचा हिशेबही लक्षात घ्यावा. एक अंक ८० पानांचा आणि एका पानावर साधारण ३५० शब्द धरले, तर २८ हजार शब्द होतात. एक देवनागरी शब्द सरासरी १९ बाइटांचा धरला तर एक अंक अर्ध्या एमबीहून किंचित जास्त भरतो. असे ५० अंक म्हणजे २६-२७ एमबी. उलट ए-४ आकाराचे एकच पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केले, तर दाबून लहान करण्यापूर्वी ते सुमारे २६ एमबीचे होते. म्हणजे पन्नास वर्षांत मुलांनी लिहिलेला सगळा मजकूर एका पानाच्या कच्च्या चित्राएवढ्या जागेत मावतो! मजकूर फार मोठा आहे, डेटाबेसला झेपणार नाही, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

दुसऱ्या मतातही तथ्य आहे. सगळे एकत्र असले म्हणजे बॅकअप एकच घ्यावा लागतो आणि नोंद एकीकडे, फाइल भलतीकडे असे होत नाही. पण त्याला मर्यादा आहे. मोठ्या वस्तू डेटाबेसमध्ये ठेवाव्या की फाइलीत, या प्रश्नावर मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रसेल सिअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी प्रयोग करून २००६ साली अहवाल दिला. त्यांच्या प्रयोगात २५६ केबीहून लहान वस्तू डेटाबेसमध्ये अधिक चांगल्या हाताळल्या गेल्या, एक एमबीहून मोठ्या वस्तू फाइलीत, आणि मधल्या आकारांचे उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून राहिले. तेव्हापासून यंत्रे बदलली, आकडे थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण दिशा तीच आहे. आपला तीन हजार शब्दांचा दीर्घ लेखसुद्धा साठ केबीच्या आत बसतो, म्हणून तो तक्त्यात. पानाचे चांगले चित्र एक-दोन एमबीचे असते, म्हणून ते फाइलीत. भांडणाचे कारणच उरत नाही.

काही जाणकार पालकांनी शंका काढली की, लांबलचक मजकुरामुळे तक्ता जड होईल आणि नुसती अनुक्रमणिका पाहायलाही वेळ लागेल. डेटाबेस बनवणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला आहे. पोस्टग्रेसमध्ये माहितीची पाने ८ केबीची असतात; एखादी नोंद साधारण दोन केबीच्या वर गेली की तिच्यातला मोठा मजकूर आपोआप दाबून लहान केला जातो आणि गरज पडल्यास बाजूच्या तक्त्यात ठेवला जातो. मुख्य नोंदीत फक्त खूण राहते. मायएसक्यूएलमध्येही फार लांब मजकूर नोंदीच्या बाहेर वेगळ्या पानांवर जातो. आपण फक्त एक पथ्य पाळायचे: यादी मागताना शीर्षक, लेखक, इयत्ता, वर्ष एवढेच रकाने मागावे आणि पूर्ण मजकूर लेख उघडल्यावरच मागावा. ग्रंथपाल कार्ड पाहून पुस्तक काढतात, प्रत्येक वेळी सगळी कपाटे टेबलावर रिकामी करत नाहीत, तसेच हे.

एका नोंदीत किती मजकूर ठेवावा, हाही वादाचा मुद्दा झाला. संपूर्ण अंक एका नोंदीत घातला, तर शोध लागल्यावरही ८० पाने चाळावी लागतील. एकेक परिच्छेद वेगळा केला, तर लेखाचे तुकडे होतील आणि कवितेचा तर जीवच जाईल. लेख, कविता, नाटिका, अहवाल हे जसे लिहिले गेले तसे एकेक, हेच प्रमाण योग्य. शिवाय मजकूर साधा ठेवावा. वर्ड फाइल उचलून तशीच नोंदीत कोंबू नये. अक्षर आणि ओळ एवढेच राहू द्यावे.

आता अशी एक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकांवरून काम शिकलेल्यांच्या सहज लक्षात येत नाही. मायएसक्यूएलमध्ये 'टेक्स्ट' नावाचा जो रकाना असतो, त्यात ६५,५३५ बाइट मावतात. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे मोजली जातात. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. त्या रकान्यात देवनागरीची २१,८४५ चिन्हेच बसतात, म्हणजे साडेतीन हजारांच्या आत शब्द. एखादी दीर्घ नाटिका किंवा सुवर्णमहोत्सवाचा अहवाल याहून सहज मोठा असतो. जास्तीच्या मजकुराचे काय होते? सेटिंग कडक असेल तर डेटाबेस नोंद नाकारतो, आणि ते बरेच. सैल असेल तर तो मजकूर मावेल तेवढाच ठेवतो, उरलेला कापतो, आणि देतो फक्त एक ताकीद, जी टाइप करणाऱ्या मुलाच्या पडद्यावर बहुधा येतच नाही. लेखाचा शेवट गेला हे दहा वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येईल, तोवर कागद उरलेला नसेल. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून कडक सेटिंग मुळातच चालू असते, तरी ते बंद करता येते. म्हणून रकाना 'मीडियमटेक्स्ट' घ्यावा. त्यात १,६७,७७,२१५ बाइट मावतात. पोस्टग्रेसचा 'टेक्स्ट' रकाना तर एक जीबीपर्यंत चालतो. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावर आमचा आग्रह नाही. एसक्यूलाइटही चालेल, त्यात सगळा डेटाबेस एकाच फाइलीत राहतो आणि तिची प्रत काढणे कोणालाही जमते. तिन्ही फुकट मिळतात.

मर्यादा फक्त लांबीची नाही, लिपीचीही आहे. मायएसक्यूएलमध्ये ज्याला पूर्वीपासून नुसते 'यूटीएफ८' म्हणत, त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळतात. देवनागरीचे त्यात भागते. पण आपली दुसरी लिपी मोडी! तिला २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली आणि ती जागा अशी की प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. होळकर आणि शिंदे या दोन्ही दरबारांचा जुना कारभार मोडीत चाले. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांतून आजही जुनी मोडी पत्रे निघतात. पुढे कोणा विद्यार्थ्याने अशा पत्राचे वाचन करून मूळ मोडीसह ते आपल्या संग्रहात ठेवायचे म्हटले, तर तीन बाइटांच्या तक्त्यात ते मावणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून 'यूटीएफ८एमबी४' हीच पद्धत निवडावी. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून तीच मुळात ठरवून दिलेली आहे, पण जुन्या डेटाबेसमध्ये अंक घालायचे असतील तर तपासून घ्यावे.

गेल्या काही दशकांतले अंक तर संगणकावरच जुळवलेले आहेत, त्यांच्या फाइली मिळाल्या की झाले, असे कोणाला वाटेल. तेथेही सावधान. त्या काळी श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत काम होई. त्यांत साठवली जातात ती इंग्रजी कळांची चिन्हे, आणि फाँट त्यांना मराठीचे रूप देतो. फाँट काढून घेतला की उरतो तो निरर्थक अक्षरांचा गोंधळ. ऱ्हस्व वेलांटीसुद्धा तेथे दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर येते. असा मजकूर रूपांतर न करता तक्त्यात घातला, तर शोधणाऱ्याला एकही शब्द सापडणार नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती चुकतात. शेवटी वाचून पाहायला माणूस लागतोच.

आता शोधाकडे वळू, कारण शोधता आले नाही तर एवढा खटाटोप कशासाठी? आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आणि हा फरक आम्हाला रोज दिसतो: हिंदीत विभक्तीचा प्रत्यय नामापासून सुटा लिहितात, मराठीत तो नामाला चिकटतो. 'विद्यालय में', 'विद्यालय से' असे लिहिले की 'विद्यालय' हा शब्द अखंड राहतो आणि संगणकाला लगेच सापडतो. मराठीत शाळेत, शाळेला, शाळेपासून, शाळांमधून; 'शाळा' हा मूळ शब्द यांपैकी एकातही जसाच्या तसा नाही. पूर्ण शब्द जुळवणारा शोध येथे हात टेकतो. पोस्टग्रेसमध्ये शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप शोधण्याची सोय आहे. तिच्यात २०१९ साली तमिळ आणि नेपाळी आल्या, २०२१ साली हिंदी आली. त्या दोन्ही वेळच्या याद्यांत मराठी नव्हती. पण म्हणून अडून बसायचे कारण नाही. आपला संग्रह काही हजार नोंदींचा असणार. एवढ्यात 'शाळ' ही अक्षरे जेथे जेथे येतात ते सगळे लेख दाखव, असा साधा शोध आजचा कोणताही संगणक फार वेळ न लावता करतो.

अवघड आहे ते जुने शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि पूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या लेखनात 'नाहीं', 'केलें', 'घरांत' असे सर्रास आढळते. आज 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये. तेव्हा एकाच घराबद्दलही तसेच लिहीत. आजच्या मुलाने 'नाही' शोधले, तर जुन्या अंकांतले 'नाहीं' निसटायला नको. यावर आमची सूचना अशी की, मजकुराचे दोन रकाने करावे. पहिल्यात जसे छापले तसे, काना-मात्रेचा फरक न करता. दुसऱ्यात केवळ शोधासाठी सगळे अनुस्वार गाळलेली प्रत, जी संगणक स्वतः तयार करील. शोधताना विचारलेल्या शब्दातलेही अनुस्वार तसेच गाळावे, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. चार लेख जास्तीचे सापडतील, पण हवा असलेला लेख सुटणार नाही.

पहिल्या रकान्याबद्दल आमच्या शिक्षक सहकाऱ्यांना एक नम्र विनंती. आपला हात लाल शाईला सवकलेला आहे. टाइप केलेला मजकूर तपासताना जुने अनुस्वार पुसण्याचा, 'शुद्ध' करण्याचा मोह होईल. तो टाळावा. तेवढेच नव्हे, तर आपल्या मुलांच्या लेखनात हिंदीच्या वळणाची जी वाक्ये आणि माळव्यातले जे शब्द आहेत, त्यांनाही हात लावू नये. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहून आपली मराठी कशी बोलली गेली आणि लिहिली गेली, याचा पुरावा म्हणजे हे अंक. पुस्तकी मराठीचे नमुने इतरत्र भरपूर मिळतील, हे मिळणार नाहीत.

एवढे टाइप कोण करणार, हा शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे. टेसरॅक्टसारखी छापील पान वाचणारी मोफत सॉफ्टवेअरे मराठी वाचतात. कच्चा मजकूर त्यांच्याकडून मिळेल. पण फिकट शाई, तुटका टाइप आणि जुनी जोडाक्षरे यांत ती अडखळतात, आणि हस्तलिखितांपुढे तर त्यांचे फारसे काही चालत नाही. म्हणून नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांनी मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करावा आणि आपल्या समाजातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने तो शेवटचा वाचावा, असे आम्हाला वाटते. मुलांचे मराठी वाचन यातूनच सुधारेल. पाठ्यपुस्तकाबाहेरचे मराठी वाचण्याचा प्रसंग आज किती मुलांवर येतो? आणि घाई करायची ती याच कारणाने. डेटाबेस पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित स्वस्त आणि चांगला मिळेल. १९६२ पूर्वीचे लेखन सहज वाचणारी, कोणत्या टोपणनावाखाली कोण लिहीत होते हे ठाऊक असलेली माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. लेखकांच्या तक्त्यातले रिकामे रकाने फक्त तीच भरू शकतात.

बॅकअपबद्दल अधिक लिहीत नाही. डेटाबेस आणि चित्रे यांच्या प्रती तीन वेगवेगळ्या जागी असाव्या, त्यांतली एक शाळेबाहेर. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, पाच-दहा लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

ज्या घरांत शाळेचे जुने अंक असतील, त्यांनी ते काही दिवसांसाठी शाळेला द्यावे. काळजीपूर्वक परत केले जातील. ज्या आजी-आजोबांना आठवड्यातून दोन तास वाचनासाठी देता येतील, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. ज्या माजी विद्यार्थ्यांना डेटाबेसचे काम येते, त्यांचे तर आम्ही मनापासून स्वागत करू. यातले काही पटले नसेल तर तेही अवश्य कळवावे. पुढच्या सभेत पद्धत ठरवायची आहे, आणि ती सर्वांच्या विचाराने ठरावी, हीच अपेक्षा.

प्राचार्य